लिनक्सवर प्रोसेस आणि बूटच्या सर्विसेस कमांड लाइनवरून सांभाळणं: कुठल्या क्रमाने करायचं आणि लोक कुठे चुकतात

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी हेच विचारतं. "किल मारलं तरी प्रोसेस परत उभी राहतेय, काय करू?" नाहीतर याच्या बरोब्बर उलटं, "सगळं मस्त चालू होतं, रात्री लाईट गेली, सकाळी मशीन वर आलं पण अ‍ॅप काही आलं नाही." ऐकायला हे दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतात पण मुळात गोंधळ एकच आहे. प्रोसेस कोणी सुरू केली हे न बघता आपण तिला मारायला जातो, आणि आत्ता चालू आहे म्हणजे रीबूटनंतरही चालू होणार असं धरून चालतो. सुरू करणारा वेगळा असेल तर बंदही त्याच्याचकडून करायचं, आणि आत्ता चालू असणं आणि बूटला चालू होणं या दोन स्वतंत्र सेटिंग आहेत. एवढं डोक्यात ठेवून पुढचे टप्पे करा, मधले टप्पे गाळू नका.

हे सगळं सिस्टमडी (बूटच्या वेळी सर्विसेस सुरू करणारा आणि पुढे सांभाळणारा प्रोग्राम) असलेल्या लिनक्ससाठी आहे, म्हणजे उबुंटू, डेबियन, फेडोरा, रेड हॅट, रॉकी, अल्मा वगैरे. अल्पाइनवर ओपनआरसी असतं, तिथे या कमांड चालणार नाहीत, आणि डॉकर कंटेनरच्या आत पण सहसा सिस्टमडी नसतं.

कमांड मी आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरात आणि लहान लिपीत टाइप करायच्या, जिथे कॅपिटल लागतं तिथे मी तसं सांगेन. सिस्टमसीटीएल म्हणजे सिस्टम या शब्दाला चिकटून सी, टी, एल, मध्ये स्पेस नाही. जर्नलसीटीएलचं तसंच. उदाहरणासाठी 8000 पोर्टवर चालणारं पायथनचं एक छोटं बिलिंग अ‍ॅप धरूया, सर्विसचं नाव बिलिंग.

0. हात लावायच्या आधीची तयारी

आधी खात्री करा की मशीनवर खरंच सिस्टमडी आहे:

पीएस -पी 1 -ओ कॉम=

(कॉममध्ये शेवटी दोन एम.) पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर, आणि पीआयडी 1 म्हणजे कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, सुरू केलेली पहिली युजर प्रोसेस. उत्तर सिस्टमडी आलं तर पुढे जा.

मग आत्ताची परिस्थिती फाइलमध्ये साठवा. हे कोणीच करत नाही आणि नंतर "आधी काय काय चालू होतं?" म्हणून कपाळाला हात लावतात.

सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट्स --टाइप=सर्विस --स्टेट=रनिंग > चालू.टीएक्सटी

सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स --टाइप=सर्विस --स्टेट=एनेबल्ड > बूट.टीएक्सटी

पहिली यादी आत्ता काय चालू आहे त्याची, दुसरी बूटला काय सुरू होणार त्याची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा, एखादं नाव पहिलीत आहे आणि दुसरीत नाही असं सापडेल. त्यातली काही दुसऱ्या सर्विसने किंवा सॉकेटने (कनेक्शन आलं की सर्विस जागी करणारी सोय) ओढून आणलेली असतात, ती ठीक आहेत. पण तुमचं स्वतःचं अ‍ॅप त्यात निघालं तर पुढच्या रीबूटला तेच गायब होणार आहे.

सावधान: सर्व्हर लांब असेल आणि तुम्ही एसएसएचने आत असाल तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये अजून एक लॉगिन उघडून ठेवा आणि काम संपेपर्यंत बंद करू नका. एसएसएचच्या कॉन्फिगला हात लावला असेल तर रीस्टार्टच्या आधी सुडो एसएसएचडी -टी चालवा (सुडो म्हणजे कमांड रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या, अधिकाराने चालवणं), काहीच छापून आलं नाही म्हणजे फाइल बरोबर. या सर्विसचं नाव उबुंटू-डेबियनवर एसएसएच आहे आणि रेड हॅटच्या घराण्यात एसएसएचडी, यातही लोक अडकतात.

1. नेमकी प्रोसेस शोधा

पीएस ऑक्स (ए, यू, एक्स) आणि पुढे ग्रेप ही सगळ्यांची सवय, पण त्यात ग्रेपची स्वतःची ओळ पण येते आणि घाईत लोक तिचाच पीआयडी उचलतात. त्यापेक्षा हे वापरा:

पीग्रेप -एएफ बिलिंग

यातल्या ए मुळे पूर्ण कमांड दिसते, आणि एफ मुळे फक्त प्रोग्रामच्या नावात न शोधता पूर्ण ओळीत शोधलं जातं, पायथन-जावा-नोडच्या अ‍ॅपसाठी हे लागतंच कारण नाव सगळ्यांचं पायथनच असतं.

पोर्टवरून शोधायचं असेल, म्हणजे "पोर्ट आधीच वापरात आहे" ही एरर आली असेल, तर

सुडो एसएस -एलटीएनपी

यात सुडो विसरलात तर दुसऱ्या युजरच्या प्रोसेसचं नाव आणि पीआयडी दिसत नाही, कॉलम रिकामा येतो आणि माणूस म्हणतो पोर्ट वापरात आहे पण वापरणारा कोणीच नाही.

पीआयडी मिळाला की लगेच मारू नका, आधी तिची अवस्था बघा:

पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,युजर,स्टॅट,एलस्टार्ट,सीएमडी -पी 4321

स्टॅट कॉलमचं पहिलं अक्षर महत्त्वाचं. आर म्हणजे पळतेय, एस म्हणजे कशाची तरी वाट बघत झोपलीय, ही बहुतेक वेळची नॉर्मल अवस्था. टी म्हणजे थांबवून ठेवलीय, बहुतेक कोणीतरी कंट्रोल-झेड दाबलंय. डी म्हणजे डिस्क किंवा नेटवर्क डिस्कच्या उत्तराची वाट बघत कर्नलमध्ये अडकलीय. झेड म्हणजे झोंबी. शेवटच्या दोघींचं पुढे सांगतो.

टॉपमध्ये सीपीयूचा आकडा 100 च्या वर गेला म्हणून घाबरू नका, 100 म्हणजे एक पूर्ण कोअर, चार कोअरच्या मशीनवर एकच प्रोसेस 400 पर्यंत जाऊ शकते. शिफ्ट धरून एम दाबलं की मेमरीप्रमाणे क्रम लागतो आणि तिथे रेस हा कॉलम बघायचा, व्हर्ट नाही, व्हर्टमध्ये नुसती राखून ठेवलेली जागा पण मोजली जाते.

तपासणी: पीआयडी, युजर आणि सुरू झाल्याची वेळ तिन्ही तुमच्या अंदाजाशी जुळतात ना? एक जरी जुळत नसेल तर ती दुसऱ्याच कोणाची प्रोसेस आहे.

2. तिला सुरू कोणी केलं ते बघा

हा टप्पा गाळतात म्हणून तर हा सगळा लेख लिहावा लागला. सिस्टमसीटीएल स्टेटसला सर्विसचं नावच द्यावं लागतं असं नाही, पीआयडी पण चालतो:

सिस्टमसीटीएल स्टेटस 4321

पहिल्याच ओळीत ती प्रोसेस कुठल्या युनिटच्या पोटात आहे ते कळतं (युनिट म्हणजे सिस्टमडी सांभाळतो ती एकेक गोष्ट: सर्विस, सॉकेट, लॉगिन सेशन). बिलिंग.सर्विस असं आलं तर ती सर्विस आहे आणि मालक सिस्टमडी. सेशन-3.स्कोप असं काही आलं तर कोणीतरी लॉगिन करून टर्मिनलवरून हाताने सुरू केलीय. क्रॉन.सर्विस आलं (रेड हॅटकडे क्रॉनडी) तर क्रॉनने, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने. डॉकर आणि पुढे लांबलचक आकडे-अक्षरं आली तर कंटेनरमधली. युजर@1000.सर्विस आलं तर त्या युजरच्या स्वतःच्या सिस्टमडीने सुरू केलेली, तिथे सुडो न लावता सिस्टमसीटीएल --युजर वापरायचं.

पीएसट्री -एसपी 4321 केलं तर बाप, आजोबा, सगळी वंशावळ दिसते. पीएम2, सुपरव्हायझर असले दुसरे राखणदार वापरले असतील तर ते इथे उघडे पडतात.

3. आता बंद करा, ज्याची त्याच्याकडून

सर्विस असेल तर सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप बिलिंग. कंटेनर असेल तर डॉकर स्टॉप. क्रॉन असेल तर आधी क्रॉनटॅब -ई करून ती ओळ कमेंट करा, नाहीतर पुढच्या मिनिटाला नवीन प्रोसेस दारात उभी. टर्मिनलवरून सुरू केलेली असेल तरच किल.

सर्विसच्या प्रोसेसला किल मारल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, इथेच लोक चक्रावतात. सर्विस फाइलमध्ये रीस्टार्ट=ऑलवेज असेल तर कसंही मारा, सिस्टमडी ती परत उभी करतो. रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर असेल तर साध्या किलने मेलेली प्रोसेस "व्यवस्थित बंद झाली" असं धरलं जातं आणि परत येत नाही, पण किल -9 ने मारली की ते फेल्युअर धरलं जातं आणि ती परत येते. म्हणजे जास्त जोर लावला की परत येते आणि कमी लावला की मरते असं उलटंच दिसतं, आणि मग माणूस व्हायरस शोधत बसतो. सिस्टमसीटीएल स्टॉप केलं की यातलं काहीच होत नाही, तुम्ही स्वतः बंद केलंय हे त्याला माहीत असतं.

हाताने मारायचीच असेल तर क्रम असा:

किल 4321

आकडा न देता दिलेलं किल म्हणजे सिग्नल 15, टर्म. प्रोसेसला आवरायला वेळ मिळतो, फाइल लिहून पूर्ण करते, कनेक्शन सोडते. दहा-पंधरा सेकंद थांबा. परत पीएस -पी 4321 करून बघा. अजून असेल आणि ती काहीच आवरत नाहीये याची खात्री असेल तरच

किल -9 4321

सिग्नल 9 प्रोसेसपर्यंत पोचतच नाही, कर्नल तिला परस्पर संपवतो, अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते. डेटाबेसवर तर हे करूच नका. पोस्टग्रेसच्या एका कनेक्शनच्या प्रोसेसला किल -9 मारलं तर मुख्य प्रोसेस बाकीची सगळी कनेक्शन पण तोडून रिकव्हरीत जाते, म्हणजे एक अडकलेली क्वेरी काढायला गेलात आणि सगळं ऑफिस बाहेर. तिथे पोस्टग्रेसच्या आतूनच पीजी_कॅन्सल_बॅकएंड वापरायचं, नाही झालं तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड.

सावधान: पीकिल -एफ पायथन कधीही लिहू नका. उबुंटूवर सिस्टमची स्वतःची काही कामं पायथनमध्ये चालतात, अपडेट बघणारी अनअटेंडेड-अपग्रेड्स त्यातलीच, सगळी एका फटक्यात जातील. पीकिलच्या आधी तोच शब्द देऊन पीग्रेप -एएफ चालवा, यादी वाचा, मगच पीकिल.

आता डी आणि झेड. डी अवस्थेतली प्रोसेस -9 लाही दाद देत नाही, वाट बघणं संपेपर्यंत ती सिग्नल घेतच नाही. बहुतेक वेळा मागे मरायला टेकलेली डिस्क किंवा तुटलेलं एनएफएस (नेटवर्कवरची डिस्क) असतं, ते दुरुस्त करा, प्रोसेस आपोआप सुटते. आणि झोंबी तर आधीच मेलेली आहे, बापाने तिचा निकाल वाचून नोंद काढायची राहिलीय एवढंच, म्हणून झोंबीला किल मारून काही होत नाही, बापाला रीस्टार्ट करा.

तपासणी: पीग्रेप -एएफ बिलिंग परत चालवा. मिनिटभर थांबून अजून एकदा चालवा. नवीन पीआयडीने परत आली असेल तर टप्पा 2 मध्ये काहीतरी सुटलंय.

4. आधीपासून असलेली सर्विस: चार शब्द, दोन जोड्या

स्टार्ट आणि स्टॉप ही जोडी फक्त आत्तापुरती. एनेबल आणि डिसेबल ही जोडी फक्त बूटपुरती. स्टॉप केलेली सर्विस रीबूटनंतर परत येईल, डिसेबल केलेली सर्विस आत्ता चालूच राहील. दोन्ही एकदम हवं असेल तर

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ बिलिंग

आणि उलट करायला डिसेबल --नाऊ.

आता स्टेटसमधली एक ओळ. लोडेड या शब्दाने सुरू होते, त्यात कंसात फाइलचा पत्ता, मग डिसेबल्ड, आणि शेवटी प्रीसेट: एनेबल्ड असं लिहिलेलं असतं. लोक शेवटचा शब्द वाचतात आणि खूश होतात. प्रीसेट म्हणजे डिस्ट्रोची मूळ शिफारस, तुमची सेटिंग नव्हे. तुमची सेटिंग पत्त्याच्या लगेच पुढचा शब्द. शंकाच नको असेल तर सरळ विचारा:

सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड बिलिंग

सिस्टमसीटीएल इज-अ‍ॅक्टिव्ह बिलिंग

दोन प्रश्न, दोन उत्तरं. इज-एनेबल्डचं उत्तर स्टॅटिक आलं तर त्या फाइलमध्ये इन्स्टॉलचा भागच नाही, ती दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून चालते, एनेबल करायचा प्रयत्न करू नका. आणि अ‍ॅक्टिव्ह (एक्झिटेड) दिसलं म्हणजे बंद पडली असं नाही, एकदाच काम करून संपणाऱ्या सर्विसचं ते नॉर्मल आहे. डेबियन-उबुंटूवर पोस्टग्रेसक्यूएल.सर्विस नेहमी तशीच दिसते कारण ती नुसती पाटी आहे, खरा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल@ आणि पुढे व्हर्जन-मेन अशा नावाने चालतो.

रीस्टार्ट आणि रीलोडमध्ये पण गल्लत होते. रीलोड म्हणजे प्रोसेस चालूच राहते, फक्त स्वतःची कॉन्फिग परत वाचते, एंजिनएक्सला हेच करा, आणि त्याआधी सुडो एंजिनएक्स -टी करून फाइल तपासा. चुकलेल्या कॉन्फिगवर रीस्टार्ट मारलं तर चालू असलेली साइट बंद होईल आणि नवीन उभीच राहणार नाही.

स्टॉप केलं तरी सर्विस परत जागी होते याचं अजून एक कारण सॉकेट. डॉकर.सर्विस स्टॉप केली की सिस्टमडी इशारा छापतो की डॉकर.सॉकेट हिला अजून जागं करू शकतं. तो इशारा वाचा, सॉकेट पण स्टॉप करा. प्रिंटरच्या कप्सचं तसंच, तिथे सॉकेट आणि पाथ दोन्ही असतात. कशानेच सुरू होऊ नये असं हवं असेल तर मास्क, ते सर्विस पूर्ण कुलूपबंद करतं, हाताने स्टार्ट केलं तरी होत नाही. मास्क केल्याची नोंद कुठेतरी ठेवा, सहा महिन्यांनी दुसरा माणूस येतो आणि सर्विस का चालत नाही म्हणून दिवस घालवतो.

5. स्वतःच्या अ‍ॅपची सर्विस बनवणं

नोहप लावून शेवटी अँड टाकून अ‍ॅप बॅकग्राउंडला सोडायचं, ही पद्धत मी स्वतः खूप वर्षं वापरली. ओळखीच्या एका दुकानात असं सोडलेलं बिलिंग आठ महिने एकदाही न अडखळता चाललं, मग मे महिन्यात रात्री लाईट गेली, यूपीएस संपला, आणि सकाळी नऊला काउंटरवर रांग उभी आणि स्क्रीन कोरी. ते अ‍ॅप कसं सुरू करायचं हे त्या दुकानात कोणालाच माहीत नव्हतं, मला फोन लागेपर्यंत हाताने पावत्या फाडल्या त्यांनी. नोहप फक्त टर्मिनल बंद झाल्यावर वाचवतं, रीबूटपासून नाही. तेव्हापासून दोन दिवसांपेक्षा जास्त चालणारी कुठलीही गोष्ट मी सर्विस म्हणूनच ठेवतो.

आधी अ‍ॅपसाठी वेगळा युजर बनवा, रूटने चालवू नका. अ‍ॅप /ऑप्ट/बिलिंग मध्ये ठेवा, घरच्या फोल्डरमध्ये नको. रेड हॅटकडे एसईलिनक्स (साध्या परवानग्यांच्या वरचा सुरक्षेचा थर) चालू असतं आणि होममधली फाइल सर्विस म्हणून चालवायला ते बऱ्याचदा नकार देतं, परवानग्या सगळ्या बरोबर दिसत असूनही. डेटाच्या फोल्डरची मालकी त्या युजरला द्या.

मग त्याच युजरने, पूर्ण पत्ता देऊन, एकदा हाताने चालवून बघा (पत्त्यातलं व्हेन्व्ह म्हणजे अ‍ॅपचं स्वतःचं वेगळं पायथन ठेवलेलं फोल्डर):

सुडो -यू बिलिंग /ऑप्ट/बिलिंग/व्हेन्व्ह/बिन/पायथन /ऑप्ट/बिलिंग/अ‍ॅप.पीवाय

इथे चाललं नाही तर सर्विस म्हणून पण चालणार नाही. चाललं तर कंट्रोल-सी करून थांबवा आणि फाइल लिहा, पत्ता /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/बिलिंग.सर्विस:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=बिलिंग अ‍ॅप
वाँट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

[सर्विस]
युजर=बिलिंग
वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/बिलिंग
एन्व्हायर्नमेंटफाइल=/ईटीसी/बिलिंग.एन्व्ह
एक्झेकस्टार्ट=/ऑप्ट/बिलिंग/व्हेन्व्ह/बिन/पायथन /ऑप्ट/बिलिंग/अ‍ॅप.पीवाय
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=5

[इन्स्टॉल]
वाँटेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

इथे कॅपिटलला अर्थ आहे. बरोबर-चिन्हाच्या डावीकडच्या जोडशब्दात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, म्हणजे एक्झेकस्टार्टमध्ये ई आणि एस. कंसातल्या नावांचं पण पहिलं अक्षर मोठं. चुकलं तर सिस्टमडी ती ओळ सरळ सोडून देतो, फक्त लॉगमध्ये एक ओळ टाकतो.

एक्झेकस्टार्टमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून तिथे थांबतो. ही ओळ शेलमध्ये चालत नाही. पाइप, बाण, डबल अँड, घरच्या फोल्डरसाठीची लाट (टिल्ड), यातलं काही चालणार नाही, आणि शेवटी अँड तर अजिबात टाकू नका. तुमची बॅशआरसी फाइल इथे वाचली जात नाही, म्हणून तिथे ठेवलेले पाथ आणि पासवर्ड अ‍ॅपला दिसत नाहीत, "हाताने चालवलं की चालतं, सर्विस म्हणून नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं. व्हेन्व्ह अ‍ॅक्टिव्हेट करायच्या भानगडीत पडू नका, त्याच्या आतल्या पायथनचा पूर्ण पत्ता दिला की पुरतं. पासवर्ड एन्व्ह फाइलमध्ये ठेवा, मालकी रूटची, परवानगी 600, सिस्टमडी ती रूट म्हणून वाचतो त्यामुळे बिलिंग युजरला ती वाचता आली नाही तरी चालतं. त्याच फाइलमध्ये पायथनअनबफर्ड=1 टाका (सगळी अक्षरं कॅपिटल), नाहीतर पायथनचे प्रिंट अडकून राहतात आणि लॉग रिकामा बघून तुम्हाला वाटतं अ‍ॅप काहीच करत नाहीये.

आफ्टर आणि वाँट्स का दोन्ही? कारण आफ्टर फक्त क्रम सांगतं, समोरच्याला सुरू करत नाही. वाँट्स सुरू करतं पण क्रम सांगत नाही. एकच लिहिलं तर कधी चालेल कधी नाही, आणि असला कधी-कधीचा बग शोधणं फार त्रासाचं.

आता क्रम, हा बदलू नका:

सुडो सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ व्हेरिफाय /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/बिलिंग.सर्विस

सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड

सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट बिलिंग

सिस्टमसीटीएल स्टेटस बिलिंग

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल बिलिंग

फाइल बदलली की प्रत्येक वेळी डीमन-रीलोड, मग रीस्टार्ट. डीमन-रीलोड विसरलात तर जुनीच फाइल चालत राहते आणि आपण नवीन फाइलकडे बघत डोकं खाजवतो. एनेबल शेवटी यासाठी, की न चालणारी सर्विस बूटला जोडून ठेवायची नाही.

सावधान: पॅकेजबरोबर आलेल्या सर्विसची मूळ फाइल हाताने बदलू नका, पुढच्या अपडेटला बदल पुसला जाईल. सुडो सिस्टमसीटीएल एडिट एंजिनएक्स करा, ते वेगळी छोटी फाइल बनवतं जी मूळ फाइलवर चढते. त्यात एक्झेकस्टार्ट बदलायचं असेल तर आधी एक रिकामी एक्झेकस्टार्ट= ओळ टाका, मग खाली नवीन. रिकामी नाही टाकली तर दोन कमांड झाल्या म्हणून सर्विस सुरूच होणार नाही.

6. सुरू झाली नाही तर

जर्नलसीटीएल -यू बिलिंग -बी -ई

या बूटमधले, या सर्विसचे, शेवटचे लॉग. चालू लॉग बघत बसायचं असेल तर -एफ. दुसऱ्यांचे लॉग दिसत नसतील तर सुडो लावा.

स्टेटसमधला कोड वाचायला शिका, निम्मं काम तिथेच होतं. 203 म्हणजे फाइल चालवताच आली नाही: पत्ता चुकलाय, चालवायची परवानगी नाही, स्क्रिप्टची पहिली ओळ नाही, किंवा फाइल विंडोजवर लिहिलीय आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर आलंय (डॉस2युनिक्स चालवा). 200 म्हणजे वर्किंगडिरेक्टरी सापडली नाही. 217 म्हणजे युजर नाही. 137 म्हणजे 128 अधिक 9, कोणीतरी -9 मारलंय, आणि तुम्ही नसेल मारलं तर मेमरी संपल्यावर कर्नलने मारलं असण्याची शक्यता मोठी, जर्नलसीटीएल -के मध्ये आउट ऑफ मेमरी शोधा. 143 म्हणजे 128 अधिक 15, जावाची अ‍ॅप व्यवस्थित बंद होतानाही हाच कोड देतात आणि विनाकारण फेल्ड दिसतात, त्यांच्या फाइलमध्ये सक्सेसएक्झिटस्टेटस=143 टाका.

स्टार्ट-लिमिट-हिट दिसलं तर सर्विस लागोपाठ पडली आणि सिस्टमडीने नाद सोडला. मूळ मर्यादा 10 सेकंदात 5 वेळा, आणि रीस्टार्टसेक न लिहिता सोडलं तर दोन प्रयत्नांमध्ये फक्त 100 मिलिसेकंद, त्यामुळे पाचही प्रयत्न डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात, डेटाबेसला उठायला तेवढाही वेळ मिळत नाही. म्हणून वर 5 लिहिलंय. आधी मूळ कारण काढा, मग सुडो सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड बिलिंग, मग स्टार्ट.

7. रीबूट करून बघा, खरंच

सगळं चालू दिसतंय म्हणून इथे थांबू नका, बूटची परीक्षा बूट करूनच होते. गर्दीची वेळ नसताना, तुम्ही समोर असताना करा. त्याआधी लॉग रीबूटनंतर टिकतात का बघा: /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर नसेल आणि कॉन्फिगमध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर जर्नल फक्त मेमरीत राहतं आणि रीबूटला पुसलं जातं. फोल्डर बनवा आणि सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा.

सुडो सिस्टमसीटीएल रीबूट

परत आत आल्यावर:

सिस्टमसीटीएल इज-सिस्टम-रनिंग

सिस्टमसीटीएल --फेल्ड

सिस्टमसीटीएल इज-अ‍ॅक्टिव्ह बिलिंग

कर्ल -आय एचटीटीपी://लोकलहोस्ट:8000

पहिलीचं उत्तर रनिंग हवं. स्टार्टिंग आलं तर अजून बूट संपलेलं नाही, जरा थांबा. डिग्रेडेड आलं तर काहीतरी पडलंय, दुसरी कमांड नाव सांगते. शेवटची का, तर अ‍ॅक्टिव्ह म्हणजे फक्त प्रोसेस जिवंत आहे, ती गिऱ्हाइकाला उत्तर देते का हे सिस्टमडीला माहीत नसतं. मग टप्पा 0 ची चालू.टीएक्सटी काढा आणि आत्ताच्या यादीशी डिफ करा.

बूटला फार वेळ लागत असेल तर सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम बघून पहिल्या नंबरची सर्विस लगेच डिसेबल करू नका. बऱ्याच सर्विस एकाच वेळी सुरू होतात, जिला 30 सेकंद लागले तिच्यासाठी बाकी कोणी थांबलेलं असेलच असं नाही. सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन करा, कोण कोणासाठी थांबलं ते त्यात दिसतं.

8. नको असलेली सर्विस काढताना

लोक सरळ फाइल डिलीट करतात. मग बूटच्या फोल्डरमध्ये तुटकी लिंक मागे राहते आणि चालू प्रोसेस चालूच. क्रम असा ठेवा: डिसेबल --नाऊ, मग /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम मधली फाइल डिलीट, एडिट वापरलं असेल तर बिलिंग.सर्विस.डी हे फोल्डर पण, मग डीमन-रीलोड, आणि आधी कधी पडलेली असेल तर रीसेट-फेल्ड. शेवटी सिस्टमसीटीएल स्टेटस बिलिंग केल्यावर "युनिट सापडलं नाही" आणि सुडो एसएस -एलटीएनपी मध्ये 8000 मोकळा दिसला की झालं.